सुमनबाई आणि सहा महिन्यांच्या पोरी

सुमनबाई पगारेशी ज्याचं एकदाही भांडण झालं नाही, असं घर सातपूरच्या आमच्या कॉलनीत शोधून सापडायचं नाही. पाण्याचा टँकर, विहारातल्या कार्यक्रमाची वर्गणी, वाटेत आडवी लावलेली गाडी, तिला कुठलंही कारण पुरतं. तिचा नवरा भिकन शाळेची व्हॅन चालवतो. तो इतका कमी बोलतो, की दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलते असं लोक म्हणतात. पण कॉलनीतल्या बायकांना कुठल्या साहेबासमोर उभं राहायचं असलं, की त्या तिलाच पुढे करतात. अशा वेळी फटकळ तोंड कामाला येतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत घरातल्या दिव्यांची बटणं तयार करणारा एक कारखाना आहे. तिथे ती लग्नानंतर लागली आणि एकोणीस वर्षं राहिली. बटणाच्या खोक्यात स्प्रिंग बसवायची, पितळी पत्ती लावायची, झाकण दाबायचं, पुढचं घ्यायचं. एवढी वर्षं होऊनही ती कायम नव्हती. ठेकेदार बदलत राहिले, बाया त्याच राहिल्या. तिच्या शेजारच्या स्टुलावर भागीबाई बसायची. ती आमच्याच कॉलनीतली, मागच्या गल्लीतली. सुमनबाईला सहन करू शकणारी जगातली एकमेव बाई, असं लोक तिच्याबद्दल म्हणायचे. दोघींचा डबा एकत्र उघडायचा आणि सुमनबाईच्या शिव्या भागीबाई हसण्यावारी न्यायची.

कारखान्यात नवे मॅनेजर आले, धवल सर. तरुण, गोड बोलणारे. एकदा त्यांनी लाइनवरच्या सगळ्या बायांना उभं केलं आणि सांगितलं, "सोमवारपासून कॉलेजच्या मुली येणार आहेत. इंटर्नशिप. सहा महिने राहतील. सरकारची योजना आहे. त्यांच्या विद्यावेतनाचा मोठा वाटा सरकार भरतं. तुम्ही त्यांना काम शिकवायचं. छोट्या बहिणी समजा."

सुमनबाईने विचारलं, "सर, त्यांचा पगार सरकार देणार, मग आमचा कोण देणार?"

"तुमचा ठेकेदार देतो ना, सुमनबाई. तसाच चालू राहील."

"ठेकेदाराला कोण देतं?"

धवल सर हसले. "तुम्ही फार पुढचा विचार करता."

"मागचा करून झाला, सर."

सुट्टी झाल्यावर गेटबाहेर तिने सगळ्या बायांना थांबवलं. "डोळे उघडा. अर्ध्याहून जास्त पैसे सरकार भरणार असेल, तर आपल्याला कोण ठेवणार? ह्या पोरी आपल्याच जागेवर बसायला आल्यात. एकीनंही त्यांना काही दाखवायचं नाय."

मुली आल्या. सायन्सच्या, डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षातल्या. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय त्यांचं सेमिस्टर पुरं होणार नव्हतं. त्यांच्यात अपूर्वा नावाची एक मुलगी होती, ओझरहून कंपनीच्या बसने येणारी. वडील विमानाच्या कारखान्यात कामाला, घरात पहिल्यापासून शिक्षणाचं वातावरण. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मावशी, ही स्प्रिंग सारखी उडतेय. कशी धरायची?"

"कॉलेजात शिकवलं नाय का?" सुमनबाई म्हणाली. मान वर केली नाही.

बायांनी कडेकोट बंदी पाळली. जेवणाच्या खोलीतले बाक त्या आधीच धरून ठेवायच्या, मुली जिन्यावर बसून डबा खायच्या. कुणाच्या हातून स्प्रिंग उडाली की लाइनभर हसू पसरायचं. मुलीही काही गरीब गायी नव्हत्या. त्या आपसात इंग्रजीत बोलायच्या, मध्येच सुमनबाईकडे बघायच्या. एकदा तिच्या कानावर 'अंगठाछाप काकू' असे शब्द आले. ती नववी पास होती. उठली आणि अपूर्वाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"मी नाही म्हणाले."

"मग कोण म्हणालं?"

अपूर्वा पुन्हा हातातल्या बटणाकडे वळली. सुमनबाई म्हणाली, "सही करते मी. तुझ्या बापापेक्षा चांगली." अपूर्वाचा चेहरा लाल झाला. त्या दिवसापासून दोघींचं उघड वैर सुरू झालं.

महिना-दीड महिन्यात ठेकेदाराचा माणूस आला आणि बऱ्याच बायांना ब्रेक देऊन गेला. काम कमी आहे, बोलावू तेव्हा या, असं सांगितलं. काम कमी नव्हतं. रिकाम्या झालेल्या स्टुलांवर दुसऱ्या दिवशी मुली बसल्या होत्या. ब्रेक मिळालेल्यांत भागीबाई होती. सुमनबाई नव्हती.

तिला धवल सरांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. "तुमच्याइतका हात कुणाचा चालत नाही. तुम्ही लाइन लीडर व्हा. मुलींकडून टार्गेट काढून घ्यायचं. थोडे पैसे वाढवून देतो."

"आणि बाकीच्या?"

"त्यांचं ठेकेदार बघेल. तुम्ही तुमचं बघा."

तिने विचार करायला वेळ मागितला नाही. व्हॅनचं इंजिन त्याच आठवड्यात दुरुस्तीला उघडलं होतं आणि भिकन घरी बसून होता. ती हो म्हणाली. हे तिने पुढे कधी लपवलंही नाही. "भरल्या घरातून नाय म्हणता येतं," एवढंच ती म्हणायची.

त्या संध्याकाळी भागीबाई तिच्या दारात आली. आत आली नाही.

"सगळ्यांना म्हणाली, एकीनंही शिकवायचं नाय. आणि आता तूच त्यांची मास्तरीण?"

"भागे, मी नाय म्हटलं असतं तर तुला ठेवलं असतं का?"

"नसतं ठेवलं. पण मग आपण दोघी बाहेर असतो."

"आणि दोघींनी मिळून काय केलं असतं? उपास?"

भागीबाई म्हणाली, "तुझ्या शिव्या मी एवढी वर्षं खाल्ल्या, सुमे. मला वाटायचं, बाई तोंडाची वाईट हाय, मनाची नाय." ती गेली, आणि कॉलनीत बोलणं बंद झालं. एकट्या भागीबाईचंच नाही. ज्यांना ब्रेक मिळाला त्या सगळ्यांनी तोंड फिरवलं. विहारात सुमनबाई बसली की शेजारची जागा रिकामी राहायची. तिने एक-दोनदा भांडण उकरून काढायचा प्रयत्न केला. समोरून कुणी उत्तरच देईना. भांडायला माणूस मिळत नाही हे तिला फार लागलं.

तो सगळा राग तिने मुलींवर काढला. पाणी प्यायला उठलं की हाक, फोनकडे नजर गेली की हाक. बोटांना चिरा पडल्या तर म्हणायची, "पट्टी लावा आणि बसा. माझ्या बोटांना बघा." अपूर्वा दर आठवड्याला धवल सरांना विचारायची, की टेस्टिंग विभाग कधी दाखवणार, डिझाइनमध्ये कधी पाठवणार. कॉलेजच्या कागदावर ते सगळं लिहिलेलं होतं. धवल सर दरवेळी पुढचा आठवडा सांगायचे.

एकदा अपूर्वाने हातातलं बटण टेबलावर आपटलं. "मी इथे शिकायला आलेय. स्प्रिंगा बसवायला नाही."

"मग मी काय करायला आले होते?" सुमनबाई म्हणाली. "उचल ते. तुटलं असेल तर तुझ्या नावावर."

"तुम्ही किती वाईट बाई आहात."

"हाय. सगळी कॉलनी सांगेल. उचल."

अपूर्वाने ते उचललं, पण घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडिलांनी योजनेच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. तक्रार कंपनीची नव्हती. लाइनवरची बाई मुलींना शिवीगाळ करते, अपमान करते, तिच्यावर कारवाई व्हावी, अशी होती. इंटर्नशिप संपायला थोडेच दिवस उरले असताना चौकशीसाठी एक अधिकारी बाई कारखान्यात आल्या.

धवल सरांनी सुमनबाईला आधीच गाठलं. "काळजी करू नका. मी तुमच्या बाजूने आहे. फक्त एवढं सांगायचं, की प्रशिक्षण कडक असतं, थोडं रागवावं लागतं. कुठल्या-कुठल्या विभागात शिकवलं ते मी सांगतो. तुम्ही मान हलवायची."

"आणि नाय हलवली तर?"

"सुमनबाई, तुम्हाला लीडर मी केलंय."

केबिनमध्ये अधिकारी बाई, धवल सर, अपूर्वा आणि सुमनबाई, एवढेच होते. अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्ही मुलींना शिव्या देता?"

"देते."

धवल सर खुर्चीत सरळ झाले. अपूर्वाने मान वर केली.

"का?"

"काम हळू होतं म्हणून. सर मला विचारतात, मी त्यांना विचारते."

"पण ह्या मुली कामगार नाहीत. प्रशिक्षणार्थी आहेत. तुम्ही त्यांना काय-काय शिकवलं?"

धवल सर म्हणाले, "मॅडम, असेंब्ली, टेस्टिंग, क्वालिटी..."

"मी त्यांना विचारतेय."

नंतर आम्हाला तिने सांगितलं, की त्या वेळी तिला सत्य वगैरे काही सुचलं नव्हतं. धवल सरांच्या चेहऱ्यावर एक समजूत होती, की ही बाई आता मान हलवणार. ती समजूत तिला सहन झाली नाही.

"काही नाय शिकवलं," ती म्हणाली. "स्प्रिंग, पत्ती, झाकण. आल्या त्या दिवसापासून आजपर्यंत. टेस्टिंगचं दार कुठे हाय ते ह्या पोरींना ठाऊक नाय. ज्या स्टुलांवर ह्या बसतात तिथे आमच्या बाया होत्या. त्यांना घरी पाठवलं, कारण ह्यांचे पैसे सरकार देतं. ह्याला शिक्षण म्हणत असाल तर मी एकोणीस वर्षं शिकले. मला पण सर्टिफिकेट द्या."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी अपूर्वाला विचारलं, "हे खरं आहे?" अपूर्वा धवल सरांकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "हो."

तीन-चार दिवसांनी सुमनबाईचा गेटपास बंद झाला. वॉचमन म्हणाला, "आत सोडू नका म्हणून सांगितलंय, बाई. माझ्यावर ओरडू नका." ती ओरडली, पण नेहमीपेक्षा कमी.

कंपनीला योजनेतून वगळलं. एवढं ऐकून कॉलनीला वाटलं, आता बाया परत घेतील. तसं झालं नाही. लाइनचं काम मालकांनी सिन्नरच्या दुसऱ्या युनिटला पाठवलं. धवल सरांची बदलीही तिकडेच झाली, असं कळलं.

मग एका रविवारी अपूर्वा स्कूटी घेऊन कॉलनीत आली. पत्ता विचारत विचारत सुमनबाईच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"कंपनीचं सर्टिफिकेट कॉलेज मान्य करत नाहीये," ती म्हणाली. "प्रशिक्षण झालंच नाही असा अहवाल आहे. आम्हा सगळ्यांना दुसरीकडे पुन्हा सहा महिने करायला सांगितलंय. माझ्या मैत्रिणी मला शिव्या देतात. तुम्हाला सूडच घ्यायचा होता ना?"

"तक्रार कुणी केली होती?"

"मी तुमची केली होती! कंपनीची नाही!"

"मग माझंच चुकलं," सुमनबाई म्हणाली. "तू माझी नोकरी घालवायला गेली, मी तुझं वर्ष घालवलं. फिटलं. आता का आली?"

"तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"माझी नोकरी राहिली असती. तुझ्यासारख्या पुढच्या पोरी आल्या असत्या. त्यांना मी शिव्या दिल्या असत्या."

"तुम्हाला जराही वाईट वाटत नाही?"

"तुझं? नाय वाटत. तू हो म्हणाली मॅडमसमोर, तेवढं एक बरं केलं. नाय म्हणाली असती तर मी खोटी पडले असते."

अपूर्वा स्कूटी वळवून निघून गेली. भिकन आतून म्हणाला, "पाणी तरी विचारायचं." सुमनबाई म्हणाली, "विष समजून पिली नसती."

ती हिवाळ्यात पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरायला जाऊ लागली. दिवसभर उभ्याचं काम, हंगामापुरतं. तिथेही मुकादमाशी तिचं दुसऱ्याच दिवशी वाजलं. त्याच सुमारास मनोज नावाचा युनियनचा एक कार्यकर्ता कॉलनीत आला. ठेक्यावर इतकी वर्षं ठेवून काढून टाकलं म्हणून कामगार कार्यालयात दाद मागता येईल, असं त्याने सांगितलं. पण एकटीचा अर्ज टिकणार नाही, आणखी बाया हव्यात. सुमनबाई घरोघर गेली. बहुतेकींनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि बंद केलं. मागच्या गल्लीत ती गेलीच नाही. मनोज गेला.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला ती कामगार कार्यालयात पोचली, तर बाकाच्या टोकाला भागीबाई बसलेली होती. पदर डोक्यावर, पिशवी मांडीवर. सुमनबाई दुसऱ्या टोकाला बसली. भागीबाईने पिशवी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली.

भागीबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझ्यासाठी नाय आले."

"मी कुठे म्हटलं?"

"आधी सांगितलेलं बरं. माझी पण वर्षं गेलीत तिथे."

पुकारा झाला. दोघी आत गेल्या. कंपनीचा वकील आला नव्हता. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "तुम्ही दोघी एकत्र आहात ना?"

"अर्जात एकत्र," भागीबाई म्हणाली.

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी पुढची तारीख द्यायला पेन उचललं. तेव्हा सुमनबाई बोलायला लागली. वकील येत नाही तर त्याला दंड का नाही, आमचा खाडा कोण भरून देणार, कंपनीला बोलवायला काय अक्षता पाठवायच्या का. शिपाई आत डोकावला. साहेब म्हणाले, "बाई, आवाज खाली." तिने तो खाली केला नाही. आणि भागीबाई तिच्याकडे न बघता, साहेबांच्या टेबलावर नजर ठेवून, मधूनमधून म्हणत होती, "बरोबर हाय. बरोबर हाय तिचं."