लोकरबाईंच्या नावापुढचा शेरा

लोकरबाई चालता चालता विणायच्या. बसून विणणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या, पण टेकडीची चढण चढताना जिच्या हातातल्या सुया थांबत नाहीत अशी बाई एकच पाहिली. लोकरीचा गोळा खांद्यावरच्या पिशवीत, धागा मानेमागून घेतलेला, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. वाट फारच अवघड आली तर विणकाम काखेत मारायच्या, झाड धरून वर चढायच्या आणि वर पोचल्यावर पुन्हा तिथूनच सुरू. पोरी धापा टाकत मागून यायच्या तोवर यांच्या दोन ओळी झालेल्या असत.

आमची शाळा देवरी तालुक्यातली, तिन्ही बाजूंनी जंगल. बाई तिथे कार्यानुभव शिकवायच्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. पोरांपासून शिपायापर्यंत सगळे लोकरबाईच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. मी मुख्याध्यापक होतो. नेमकं सांगायचं तर प्रभारी मुख्याध्यापक. आता सगळं नेमकंच सांगायचं ठरवलं आहे.

ओळ अर्धी असताना त्या कुणाशी बोलत नसत. एकदा मी स्वतः त्यांच्या वर्गात जाऊन काहीतरी विचारलं. बाई मान खाली घालून ओठांतल्या ओठांत मोजत राहिल्या. पोरी माझ्याकडे बघून हसू दाबत होत्या. ओळ संपल्यावर मान वर करून म्हणाल्या, "हं, बोला सर. एकशे बारा टाके होते. मध्ये 'हो' म्हटलं असतं तरी एक गळला असता."

वसतिगृहातल्या पोरींना घेऊन त्या रविवारी डोंगरावर जात. बाकीच्या बाया जंगलात सरपणाला जातात, बाई नक्षी आणायला जायच्या. पोरींना हाकही तशीच असे, "चला गं, नक्षी आणू." वर पोचलं की दगडावर बसून चौकटीची वही काढायच्या. एक चौकट म्हणजे एक टाका. खाली भाताची खाचरं, आमच्या भाषेत धानाच्या बांध्या, पसरलेली असत, एकही बांधी दुसरीसारखी नाही, आणि त्यांच्यामधले मातीचे धुरे हवे तसे वळलेले. ते धुरे बाईंनी एका बिनबाह्यांच्या स्वेटरवर उतरवले. हिरव्याच्या पाच छटा आणि मधून मातीच्या रंगाची वाकडी रेघ. तो गोंदियाच्या लोकरीच्या दुकानात दाखवला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिझाइन अच्छा है, पर ये लाइन टेढ़ी क्यों है?" बाई म्हणाल्या, "खेत टेढ़ा है भैया. सीधा खेत दिखाओ, सीधा बुन दूँगी." पुढे त्यानं तो स्वेटर दुकानाच्या दर्शनी काचेत टांगला.

मोहाच्या फुलांची कानटोपी, पळसाच्या तीन पानांचा मफलर, पाण्याच्या बाटलीला विणलेलं गळ्यात अडकवायचं झबलं, हे सगळं त्यांनी चालताना सुचून केलं. जानेवारीतल्या चाचणी परीक्षेत पोरींची बोटं थंडीनं आखडायची म्हणून अर्ध्या बोटांचे हातमोजे काढले. उजव्या मोज्याला तळहाताकडे एक बारीक खिसा, त्यात खोडरबर. मलाही एक स्वेटर विणून दिला होता. तो पोटावर ताणला जायचा. बाई म्हणाल्या, "माप घेताना तुम्ही श्वास रोखून उभे होते सर. मी रोखलेल्या श्वासाचंच विणलं."

आता तो शनिवार.

आमच्याकडे हालचाल रजिस्टर असतं. कामासाठी शाळेबाहेर जाणाऱ्यानं त्यात कुठे, कशाला, सोबत कोण ते लिहायचं आणि मुख्याध्यापकाची सही घ्यायची. लोकरबाई दर शनिवारी रजिस्टर घेऊन यायच्या. पण शनिवारी शाळा लवकर सुटली की मला गोंदियाची बस धरायची घाई असे, म्हणून मी तोंडी 'जा' म्हणायचो आणि सही सोमवारी करायचो. सगळ्यांच्याच सह्या मी सोमवारी करायचो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या शनिवारीही पिशवी माझ्या खांद्यावर होती. बाई म्हणाल्या, "सर, उद्या जरा लांबच्या डोंगरावर नेते. चौदा पोरी आहेत. यावेळी सही आत्ताच करून द्या." मी म्हणालो, "जा तुम्ही. सोमवारी करतो. आजवर कधी सही चुकली का?" आणि मी बस धरली.

रविवारी डोंगराच्या कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं. दगड कुणी मारला नव्हता, धूरही कुणी केला नव्हता. एखाद्या घारीनं झडप घातली असेल. बाईंनी पिशवीतल्या शाली, टोप्या, अर्धवट विणलेली कापडं, जे हाती लागलं ते पोरींच्या डोक्यावर टाकलं आणि त्यांना जमिनीवर पालथं झोपवलं. नवव्या वर्गातली सुनीता घाबरून धावली आणि उतारावरून खाली गेली. तिच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बाईंनी स्वतःचं लुगडं दोन बांबूंना बांधून तिला त्यावर घातलं आणि पोरींच्या मदतीनं सडकेपर्यंत आणलं. सडकेवर एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली तेव्हा बाईंचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. त्या परकरावर शाल गुंडाळून उभ्या होत्या आणि हात लावून लावून पोरी मोजत होत्या.

सोमवारी सकाळी सुनीताचा बाप गावातली माणसं घेऊन शाळेच्या दारात उभा होता. तो जंगलकामाला जाणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. तो एवढंच विचारत होता, "माह्या पोरीले कोणाच्या हुकुमानं नेलं?" संस्थेचे अध्यक्ष दुपारी येणार होते. माझी मुख्याध्यापकपदी कायम नेमणूक करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी कार्यालयाचं दार लावून घेतलं. रजिस्टर उघडलं. बाईंच्या सुवाच्य अक्षरातली नोंद होती आणि सहीची जागा कोरी होती. मी लाल शाईच्या पेनानं तिथे लिहिलं, 'विनापरवानगी'. खाली सही केली.

अध्यक्षांनी बाईंना दवाखान्यातून बोलावून घेतलं. चेहरा ओळखू येत नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, "परवानगी घेतली होती?" बाई म्हणाल्या, "सरांना विचारा." त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. मी म्हणालो, "मला काही माहीत नव्हतं." बाईंनी सुजलेल्या पापण्या बोटांनी उघडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राजीनामा कोणाच्या नावानं लिहायचा?"

मी कायम झालो. त्याच खुर्चीतून निवृत्त झालो. बाई तिरोड्याकडे चोरखमाऱ्याजवळ भावाच्या गावी गेल्या एवढं कळलं होतं. तिकडची बस मी तीन वेळा धरली आणि तिन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरून परतलो. सत्तावीस वर्षांत एवढंच केलं.

यंदा शाळेची स्मरणिका निघणार आहे. संपादक आमचाच माजी विद्यार्थी. त्यानं माझ्याकडे आठवणी मागितल्या. मी विचारलं, "लोकरबाईंवर कोण लिहितं?" तो म्हणाला, "त्या पोरगी पाडणाऱ्या बाई? त्यांच्यावर कशाला सर?" हा मुलगा नोकरीला लागून बाप झाला आहे, आणि बाईंबद्दल त्याला एवढंच ठाऊक आहे. ते त्याला मी शिकवलं. चौथ्यांदा बस धरली ती शेवटपर्यंत.

बाईंना जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. त्यांच्या घरात एक बाई शिलाई मशीनशेजारी बसून लहान मुलांचे स्वेटर घड्या घालत होती. उठली तेव्हा डावा पाय आखूड दिसला. ती सुनीता होती.

"बसा सर," ती म्हणाली. "मले माहीत होतं तुमी येसान. बाई गेल्यावर येसान, हे माहीत नव्हतं."

जंगलकामाला तिचा पाय चालेना तेव्हा बाईंनी तिला आपल्याकडे आणून ठेवलं, विणायला शिकवलं. आज तिचं पोट त्यावर चालतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी घड्या घातलेले स्वेटर पाहत होतो. सगळे साधे, एका रंगाचे, सुलट-उलट. मी विचारलं, "बाईंच्या नक्षीचा एखादा नाही?"

"नाई. इथं आल्यावर बाईनं एकबी नक्षी काढली नाई. मी लय मागं लागली. तं म्हणे, 'नक्षी पायातून येते पोरी. माहे पाय बसले.'"

"चालायला जात नव्हत्या?"

"तलावाच्या पारीवर बी नाई. गावातल्या बाया बोलवत, चला बाई फिराले. तं हसून म्हणे, 'मी विनापरवानगी बाई आहो.'"

 तो शब्द आपण फक्त रजिस्टरात लिहिला, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"सर, मी ऐकलं होतं," सुनीता म्हणाली. "शनिवारी मी खडूचा डबा ठेवाले आली होती. दारातच उभी होती. बाईनं सही मागितली, तुमी म्हणले, जा तुमी, सोमवारी करतो."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलणारच होती. बाबाले सांगणार होती दवाखान्यातून. राजीनामा देऊन आलेल्या बाईनं माहा हात धरला. म्हणे, 'वसतिगृहात तुह्या गावच्या सहा पोरी बिनादाखल्याच्या हायेत. सरानं ठेवून घेतल्या म्हणून हायेत. सर गेले तं नवा मास्तर आधी त्यायलेच काढन. तू चूप राह्य.'"

हे खरं होतं. त्या पोरी कागदांशिवाय मीच ठेवून घेतल्या होत्या. उभ्या नोकरीत मी केलेलं ते एक चांगलं काम. बाईंनी ते वाचवलं आणि मला वाटत राहिलं की मी सुटलो.

मी हात जोडले. माफ कर म्हणालो.

"मले काऊन माफी मांगता?" ती म्हणाली. रागानं नाही, थकून. "मले मधमाशीनं पाडलं. बाईले तुमी पाडलं. त्या आता कुठून माफ करतीन?"

"मग मी काय करू, बेटा?"

"लिवून द्या. आन् माहं नाव टाका. लोक म्हणतीन म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, तं सांगा का एक पोट्टी दारात होती."

परत आल्यावर शाळेत गेलो. जुनी रजिस्टरं कधीच रद्दीत गेली आहेत, असं तिथला लिपिक म्हणाला. खोडायला पानही उरलेलं नाही. संपादकाचा फोन आला, "सर, जुनं कशाला उकरता? स्मरणिका आनंदाची आहे." मी त्याला सांगितलं की छापायचं तर हेच छाप, नाहीतर माझ्या नावाचं पान कोरं सोड. तो अजून काही बोललेला नाही. म्हणून ही नोंद मी इथेच करून ठेवतो आहे.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्या कार्यालयात, लोकरबाईंनी चौदा मुलींना डोंगरावर नेण्याची परवानगी मागितली. ती मी दिली. सुनीता दारात उभी होती. तिनं ऐकलं.