केशरी चेस्ट गार्डच्या मागे

लेकीसाठी आणलेला, मोटारसायकल चालवताना छाती-पाठीला बांधायचा नवा चेस्ट गार्ड खोक्यातून काढला. त्याच्या फोमचा वास नाकात शिरला आणि मी थेट हिर्डोशीच्या वरच्या पठारावर पोचलो.

वीसेक वर्षं झाली असतील. श्रावणातली सकाळ होती, पठारावर दाट धुकं होतं. मित्र सुधीर पुढे होता. त्याच्या केशरी चेस्ट गार्डची पाठ तेवढी मला दिसत होती आणि मी बिनधास्त तिच्यामागे गाडी दामटत होतो.

अचानक इंजिनाखालची लोखंडी प्लेट दगडावर खणकन आदळली. मी उडून छातीवर पडलो. माझा चेस्ट गार्ड तडकला, बरगड्या वाचल्या. गाडी बंद पडली.

"अरे, लागलं का?" सुधीर ओरडला. पण आवाज मागून आला. त्याची गाडी केव्हाच बंद पडली होती, तो ती ढकलत येत होता.

गवत कापणारी एक बाई धुक्यातून पुढे आली. "हितंच थांबा," ती म्हणाली. "फुडं कडा हाय. त्याच्या मागं जाऊ नगा."

"कुणाच्या?"

तिने हातातला विळा पुढे धुक्याकडे रोखला. मी हेल्मेट काढलं. पुढे, जिथे जमीनच नव्हती तिथे, एका मोटारसायकलचा आवाज संथ लयीत दूर दूर जात होता.

"प्रतिध्वनी असेल," सुधीर घाईघाईने म्हणाला. मी मान डोलावली आणि त्या दगडाला शिव्या घातल्या. आता वाटतं, त्या दगडानेच मला कड्याच्या अलीकडे ठेवलं.