पैलवानाचं बिनटाक्याचं ऑपरेशन

मंगळवार पेठेतल्या तालमीत सम्राट पोवारला सगळे पैलवानच म्हणतात. त्यानं कुठलं मोठं मैदान मारलेलं नाही. विशीत जत्रांमधल्या चार कुस्त्या केल्या, एकदा खांदा निखळला आणि तिथून पुढं तालीम व्यायामापुरतीच राहिली. पण मान जाड, कान मोडलेले, चालताना दोन्ही हात अंगापासून लांब. त्यामुळं नाव चिकटलं ते चिकटलंच.

पोटासाठी तो उद्यमनगरात लेथवर काम करतो. मालकासकट सहा माणसांचं वर्कशॉप. तिथं ना ईएसआय, ना मेडिक्लेम. कुणाचं बोट कापलं तर मालक आपल्या स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेतो, तोच त्यांचा विमा.

त्याची बायको तेजस्वी बिद्रीची. ती सकाळी एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायची. मुलं दोन. प्रियदर्शनी पहिलीत, राजवर्धन दोन वर्षांचा. दोन्ही बाळंतपणं सिझरनं झाली, दुसऱ्या वेळी बीपी इतकं वाढलं की डॉक्टरांनी सम्राटला बाजूला घेऊन बजावलं, "तिसरं नको." तिसरं नको हे नवराबायको दोघांनाही मान्य होतं. नको तर काय करायचं, हा प्रश्न मात्र दोन वर्षं एकट्या तेजस्वीच्याच अंगावर राहिला.

तिनं आधी तांबी बसवून घेतली. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, पुढं कित्येक वर्षं बघायला लागत नाही, म्हणून. तिच्या जावेला ती सोसली होती. हिला नाही सोसली. पाळी थांबता थांबेना, रक्त आठावर आलं, भाकरी थापताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. खानावळीचं काम सुटलं आणि तांबीही काढली. रोजच्या गोळ्या घ्याव्यात तर बीपी आणि अर्धशिशी, डॉक्टर नको म्हणाले. आठवड्याला घ्यायची सरकारी गोळी तिनं आणली, पण घरच्या रगाड्यात वार चुकायचे. उरला निरोध. तो सम्राटच्या खिशात कधी असायचा, कधी नसायचा. नसला की "एवढ्यानं काय होतंय," असं तो म्हणायचा.

मग श्रावणात तिची पाळी लांबली.

त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तपासणीची पट्टी औषधाच्या दुकानातून आणायची तर दुकानदार ओळखीचा, म्हणून सम्राट पार राजारामपुरीत जाऊन घेऊन आला. पट्टीवर एकच रेघ उठली, म्हणजे दिवस गेले नव्हते. तेजस्वी मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. सम्राट दारात उभा होता. आनंदाची बातमी असताना ही का रडते, हे त्याला आधी कळेना.

"मी दमलोय आता," ती म्हणाली. "दर महिन्याला ह्योच घोर. तुमाला काय हाय?"

त्यानं पट्टी कागदात गुंडाळून खिशात घातली.

एका खाजगी डॉक्टरीणबाईंनी औषधाची तांबी सुचवली. ती बसवली की रक्त कमी जातं, बरीच वर्षं निवांत. पण तिची किंमत ऐकून दोघं एकमेकांकडं बघत बसले. बाहेर काउंटरवरच्या मुलीला सम्राटनं विचारलं, विमा असता तर यातून काही निघालं असतं का? ती म्हणाली, "दादा, या कामाला बहुतेक विमे चालत नाहीत." ते ऐकून उलट त्याला थोडं बरं वाटलं. निदान यात तरी आपणच मागं पडलो नाही.

शेवटी पुन्हा सरकारी दवाखाना. तेजस्वीला चक्कर यायची म्हणून सम्राटनं खाडा केला आणि तिला घेऊन गेला. कुटुंब नियोजनाच्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या बायकाच होत्या. तो लांब भिंतीला टेकून उभा राहिला. आत पद्मावती सिस्टर होत्या, जयसिंगपूरच्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी तेजस्वीचे सगळे कागद बघितले आणि दारात येऊन हाक मारली, "ओ पावणं! भिंत पडत न्हाय, आत या."

सम्राट आत गेला.

"बायकांचं ऑपरेशन करता येतं," सिस्टर म्हणाल्या, "पण हिची दोन सिझर झाल्यात. आत चिकटलं असंल. रक्त कमी, बीपी हाय, भूल द्यायला लागंल. आधी रक्त वाढवायचं, बीपी आटोक्यात आणायचं, मग बघायचं. तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचंही तेच. तोवर काय करणार?"

तेजस्वी कागद गोळा करायला लागली.

"आणि तुमचं करायचं म्हटलं तर जागेवर भूल, टाका न्हाय, चहा पिऊन घरी. फुकट. वर सरकार थोडा मोबदला देतंय."

"माझं?"

"मग कुणाचं? शेजाऱ्याचं?"

तेजस्वी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असेल. सम्राटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं विचारलं ते एकच, आणि तेही जमिनीकडं बघत. "ताकद जाती का?"

"ताकद रक्तामांसात असती. ही फक्त बी जायची वाट बंद करायची. बाकी सगळं हाय तसंच ऱ्हातंय. घरी जावा, दोघं बोला, घाई न्हाय."

घरी दोघांनी बोलायच्या आधीच शालूबाईंना, सम्राटच्या आईला, कळलं. तेजस्वीनंच सांगितलं. शालूबाईंनी निवडायला घेतलेली मेथी तशीच खाली ठेवली.

"माझ्या पोराला नामर्द करती व्हय गं?" आवाज चौकापर्यंत गेला. "आणीबाणीत माणसं उसात लपून बसलीती ह्या भ्यानं. मी पोरगी हुतो तवा. आणि ह्यो आपल्या पायानं जातोय!"

सम्राट कामावरून येऊन पाय धूत होता. तो तसाच ओल्या पायांनी आत आला.

"आई, तुझं ऑपरेशन झालं तवा मी किती हुतो?"

"रांगत हुतास."

"आणि आठवड्यात तू पाण्याच्या घागरी उचलाय लागलीस. अजून कंबर धरून उठतीस. तवा आबा कुठं हुतं?"

शालूबाईंचा हात कमरेवर गेला. मग म्हणाल्या, "तालमीत."

तेवढं बोलून त्यांनी मेथी परत पुढ्यात ओढली. त्या राजी झाल्या असं नाही. पुढं महिनाभर त्या मुलाला वाढायच्या, पण बोलायच्या नातवंडांशीच.

सम्राटनं नंतर सांगितलं की त्यानं काही विचार करून ठरवलं नव्हतं. वडलांबद्दलचा आईचा "तालमीत" हा शब्द त्याला लागला. दोन दिवसांनी त्यानं कामावर रजा टाकली. मालकाला आणि तालमीतल्या दोस्तांना कारण सांगितलं हर्नियाचं.

ऑपरेशनला तासही लागला नाही. सुई टोचली तेव्हा दुखलं. पुढं ओढल्यासारखं वाटत राहिलं, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल नाही, आणि खाली आधार राहील असं घट्ट घालायचं. "लंगोट हाय की," सम्राट म्हणाला, तसे डॉक्टर आणि मदतनीस दोघंही हसले. पद्मावती सिस्टरांनी निघताना निरोधची पाकिटं हातात दिली. "लगेच मोकळं समजू नका. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं. तो रिपोर्ट येईपर्यंत हे वापरायचंच."

दोन रात्री सूज होती. तेजस्वीनं कापडात बर्फ गुंडाळून दिला. तिसऱ्या दिवशी तो चौकात जाऊन पेपर वाचून आला.

हर्नियाची थाप तालमीत टिकली नाही. दवाखान्यात कुणीतरी बघितलं होतं. पंधरवड्यानं तो आखाड्यात उतरला तसा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त धैर्यशील सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "काय लगा, खोंडाचा बैल झाला म्हणं!"

खच्ची केल्याचा हा टोमणा ऐकून सगळी तालीम हसली. सम्राट तसाच घरी आला आणि आठ-दहा दिवस तिकडं फिरकला नाही. आरशासमोर दंड फुगवून बघताना तेजस्वीनं त्याला एकदा पकडलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "तुमाला पस्तावा हाय का?"

"न्हाय," तो म्हणाला. "पण राग येतोय."

राग घेऊनच तो परत गेला आणि धैर्यशीलला लढायला बोलावलं. धैर्यशीलनं त्याला सरळ चीत केलं. खरं तर आधीही पाचातल्या चार वेळा तोच चीत करायचा. माती झाडत सम्राट उठला आणि म्हणाला, "बघ, काय बी फरक पडला न्हाय." यावर मात्र धैर्यशीललाही हसू आवरलं नाही. टोमणे त्यानंतरही चालू राहिले, फक्त त्यांची धार गेली.

रिपोर्टचं काम त्यानं टाळलं. बाटलीत नमुना द्यायचा या कल्पनेनंच त्याला घाम फुटायचा. ऑपरेशनपेक्षा हे अवघड, असं तो म्हणायचा. तेजस्वीनं स्पष्ट सांगितलं, "रिपोर्ट आणल्याबिगर जवळ यायचं न्हाय." मग गेला. पहिल्या रिपोर्टात अजून थोडे शुक्राणू निघाले. सिस्टर म्हणाल्या, होतं असं कधी कधी, महिनाभर थांबा. दुसऱ्या रिपोर्टात काही नव्हतं. तो कागद तेजस्वीनं स्वतः दोनदा वाचला, सिस्टरांकडून वाचून घेतला, तेव्हा तिचं समाधान झालं.

तिचं रक्त लोहाच्या गोळ्यांनी आणि गूळ-शेंगदाण्यानं हळूहळू वर आलं. बीपीची गोळी अजून चालू आहे. खानावळीतलं काम तिनं पुन्हा धरलं. महिन्याच्या तारखा ती आता मोजत नाही.

शालूबाईंनी पाहुण्यारावळ्यांत सुनेचंच ऑपरेशन झालं म्हणून सांगितलंय. माघात तेजस्वी माहेरी, चुलतभावाच्या साखरपुड्याला गेली होती. चार बायका पोळ्या लाटत बसल्या होत्या. चुलती अंबूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन झालंय म्हणं तुझं? मग एवढी वाकून काम कशाला करतीस?"

तेजस्वीचा हात थांबला नाही. "माझं न्हाय काकी. ह्यांचं झालंय."

लाटणी थांबली. बाहेर मांडवात सम्राट जेवणाची पातेली उचलून नेत होता. सगळ्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं.

"ह्यांचं?" अंबूबाई म्हणाल्या. "दुखलं न्हाय का त्यांना?"

"दोन दिवस. मला सिझरला दीड महिना दुखलं."

पोळ्या संपत आल्या तेव्हा अंबूबाईंची सून पिठाचा डबा सरकवायच्या निमित्तानं जवळ आली. तिला तीन मुलं होती. हळूच म्हणाली, "कुठल्या वारी करत्यात गं?"

"वार विचारून कळवतो," तेजस्वी म्हणाली. "सिस्टरांचा नंबर हाय माझ्याकडं. नवऱ्याला घेऊनच जा मात्र. एकटी जाऊ नगो."