दोन शब्दांचा माणूस

तिसरी घंटा झाली, असं समजा. पडदा वर जातो. नाट्यगृह खचाखच भरलंय, पण तिकीट काढून कुणीच आलेलं नाही. नदीनं ज्यांची घरं नेली ती अडीचशे माणसं खुर्च्यांवर, पायऱ्यांवर, थेट रंगमंचावर पथारी पसरून आहेत. उजव्या विंगेत, स्टुलावर, आमचे कुजबुजकाका.

काका प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं त्यांनी आम्हा नटमंडळींना विसरलेली वाक्यं पुरवली आणि एकदाही प्रेक्षकांसमोर आले नाहीत. दोन शब्दांच्या वर कधी देत नसत. मी एकदा चिडून विचारलं, "काका, अख्खं वाक्य द्यायला तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही गं. तुझं जातं."

बायको गेल्यावर रंगमंचामागची खोली हेच त्यांचं घर झालं होतं.

पुराच्या चौथ्या दिवशी काका विंगेत बसून आई-मुलाचं एक जुनं नाटक म्हणू लागले. आधी मुलं गप्प झाली, मग मोठी माणसं. दुसऱ्या दुपारी एक बस कंडक्टर उठला आणि त्यानं नाटकातल्या मुलाचं काम मागून घेतलं. तिकिटं फाडायच्या सुरात बोलायचा, पण बोलायचा. आईची वाक्यं काकाच विंगेतून म्हणत. पहिल्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई बसे. तिचा धाकटा मुलगा सापडला नव्हता. आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

एकदा प्रवेश ऐन भरात असताना पूरग्रस्तांच्या या छावणीचे साहेब आले. "माणसं मेलीत आणि तुम्हाला नाटकं सुचतात? म्हातारबुवा, पुन्हा तुमचा आवाज आला तर खोली खाली करायची."

याच साहेबांनी सकाळी एका आजीला एकच चादर तीनदा दिली होती, फोटो नीट येईना म्हणून. ते नाटक त्यांना चाललं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुःखातल्या माणसाला धान्य द्यावं आणि शब्द मात्र देऊ नयेत, हे यांना शिकवलं कुणी? पण काका मान खाली घालून बसले. या वयात जाणार कुठं?

कंडक्टर मात्र हटला नाही. साहेब दाराशी पोचतात न पोचतात तोच त्यानं सोडलेलं वाक्य उचललं.

"आई, दार उघड."

पुढचं वाक्य आईचं, आणि काकांना तर बंदी. मी काकांकडे पाहिलं. अडलेलं वाक्य त्यांना दाढेसारखं ठणकायचं. ओठ हललेच.

"दार उघडंच..."

"...आहे रे. ये आत." ती शिवणकाम करणारी बाई बोलली होती.

साहेब गर्रकन वळले. "कोण बोललं?"

बाई अंग चोरून बसली. आणि काका स्टुलावरून उठले, विंग ओलांडून दिव्याखाली आले. सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात, उजेडानं डोळे बारीक झालेले.

"मी बोललो," ते म्हणाले. "पण साहेब, तुम्ही प्रवेशाच्या मध्येच बोललात. आता पहिल्यापासून घ्यावं लागेल."