नववी पायरी

जिना चढताना मी अजून पायऱ्या मोजते. ही सवय कंबोडियातली. तिथल्या एका खेड्यात आम्ही काही परदेशी मंडळी गरजू कुटुंबासाठी घर बांधायला गेलो होतो. लाकडी खांबांवरचं, इवलंसं. घर द्यायच्या दिवशी घरची आजी जिना चढून दारापर्यंत गेली आणि तशीच उतरून खाली बसली.

"पायऱ्या आठ झाल्यात," दुभाषी बाई ओशाळून म्हणाल्या. "सम पायऱ्यांच्या घरात भुतं राहतात, म्हणतायत."

आमचे इंजिनिअर नकाशा उलगडून समजावू लागले. मला मात्र आई आठवली. मोदक वीसच झाले, तर एकविसाव्यासाठी परातीतली उकड खरवडून काढायची. सगळं मापात झालं तरी वर एक लागतोच!

शेजारच्या ओढ्यातला चपटा दगड आम्ही दोघीतिघींनी ढकलत आणला आणि जिन्याच्या पायथ्याशी बसवला. आजी उठली, एकेक पायरी मोजत चढली आणि दारातून मला हाताने बोलावलं. ये, आत ये.

इथे पुण्यात माझ्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. पायपुसण्यावर पाय ठेवताना मी हळूच म्हणते, एकोणीस.