आत्याचा ‘वर’

आमची आत्या एररशी भांडते. कॉम्प्युटरने पडद्यावर लाल अक्षरांत काही सुनावलं, की ती चष्मा नाकावर चढवून ते मोठ्यांदा वाचते आणि तोंडावर उत्तर देते. “फाइल सापडत नाही? डोळे फुटले का तुझे? पुढ्यात तर आहे!” पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बिलांचे प्रोग्रॅम लिहिण्यात तिचा जन्म गेला. प्रोग्रॅममधली नावं ती मराठीच द्यायची, फक्त अक्षरं इंग्रजी. बाकीचे हसायचे. “मी विचार मराठीत करते, मग नावांना सोंग कशाला?” एवढं म्हणून ती विषय संपवायची.

आतोबांना, म्हणजे तिच्या यजमानांना, अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, “अगं.” पाणी हवं, अगं. पंखा बंद कर, अगं. राग आला तरी अगंच, फक्त जोरात. मोटरचा पलंग आणला, पण रिमोटची बारीक बटणं त्यांच्या डाव्या हाताला जमेनात. मग आत्याने एक भलंमोठं गोल बटण कॉम्प्युटरला जोडलं आणि प्रोग्रॅम लिहिला. एकदा दाबलं की पलंगाची पाठ वर, दोनदा दाबलं की खाली. अख्ख्या दिवसात तेवढी एकच गोष्ट आतोबा कुणालाही न विचारता करायचे, आणि त्याचा केवढा तोरा होता त्यांना!

अशात आत्याने त्या प्रोग्रॅमच्या भाषेची नवी आवृत्ती बसवली. जुनीला म्हणे आता कुणी वाली नव्हता. ती तिने पुसूनच टाकली.

“आत्या, जुनी ठेवायचीस तरी,” मी म्हटलं.

“दोन सवती एका घरात नांदतात होय?”

सकाळी आतोबांनी बटण दाबलं. पलंग ढिम्म. पुन्हा दाबलं. शेवटी आम्ही दोघींनी त्यांना काखेत हात घालून बसतं केलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि चहाचा कप दूर सारला. एवढंही हातचं गेलं, तर हा माणूस मनानेच झोपून जाईल असं वाटलं.

आत्या कॉम्प्युटरसमोर बसली. बटण ओळखणारा भाग नव्या आवृत्तीला ठाऊकच नव्हता, तो पुन्हा बसवला. एका फाइलचा पत्ता बदलला होता, तो सुधारला. मी खालच्या एररवर बोट ठेवलं तर तिने हात झटकला. “आधी वरची. पुष्कळदा खालच्या तिच्याच पोरी असतात, आई गेली की जातात.”

तशा त्या गेल्याही. एक मात्र हटेना. ‘var’ हा शब्द इथे चालणार नाही, एवढंच पालुपद. आत्याने नव्या आवृत्तीची माहिती उघडून वाचली आणि खो खो हसत सुटली.

“पाठ वर घ्यायच्या आज्ञेला मी ‘वर’ नाव दिलं होतं. या नव्या बाईने तो शब्द स्वतःसाठी राखून ठेवलाय.” ती पलंगाकडे वळली. “ऐकलंत का हो? मेलीने माझा वरच पळवला!”

आतोबांचे ओठ डावीकडे सरकले. हसलेच ते.

“मग ‘उचल’ नाव दे,” मी सुचवलं.

“उचलायला ते काय पोतं आहेत?”

तेवढ्यात आतोबा म्हणाले, “अगं.” कशासाठी कुणास ठाऊक, चहासाठीही असेल. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे ‘वर’ होता, तिथे तिथे तिने ‘अगं’ घातलं. ‘खाली’ तसंच राहू दिलं.

“हं, दाबा आता.”

मोटर घुरघुरली. पाठ हळूहळू वर आली. चालू आज्ञेचं नाव पडद्यावर उमटतं, तसं ‘अगं’ उमटलं. आतोबांनी ते वाचलं आणि आत्याकडे पाहिलं.

“तुम्ही हाक मारलीत आणि काम अडलं, असं झालंय का कधी?” आत्या म्हणाली. बोलता बोलता तिला रडू आलं, आणि मलाही.

आतोबांनी चहा घेतला. मग पाठ खाली घेतली आणि उगाचच पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. दर वेळी त्यांचे डोळे पडद्यावर.

“अहो, पुरे, मोटर जळेल!” आत्या ओरडली. बटण मात्र तिने काढून घेतलं नाही.