अपसव्य सासरे

चित्रकार व्हायचं माझ्या मनाने पक्कं केलं होतं, हाताला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. फोटो तेवढे बरे यायचे. म्हणून मी सोपी वाट काढली. आपलेच फोटो स्लाइडवर घ्यायचे, मित्राच्या कॉलेजातला प्रोजेक्टर मागून आणायचा, फोटो थेट कॅनव्हासवर पाडायचा, पेन्सिलीने कडा गिरवायच्या आणि मग तब्येतीत रंग भरायचे. नव्वदीच्या त्या दशकात ब्रह्मा घाटावरच्या निम्म्या मराठी घरांत मी ‘आर्टिस्ट’ म्हणून ओळखला जायचो. उरलेली निम्मी घरं माझ्या नातेवाइकांची होती.

हा उद्योग आमच्या गच्चीलगतच्या खोलीत चालायचा. बायकोला तो कमरा शिवणाच्या क्लासला हवा होता. बरीच धुसफूस झाल्यावर ठरलं ते असं: तिच्या वडिलांची साठी जवळ आलेली, तर त्यांचं चित्र करून मी भेट द्यायचं. त्यांना आवडलं तर खोली माझी. नाही तर रंगांच्या ट्यूबा घेऊन मी जिन्याखाली.

सासरे वेद शिकवायचे आणि कौतुक जपून वापरायचे. आमच्या लग्नातल्या जेवणालाही ते ‘ठीक आहे’ एवढंच म्हणाले होते. मी त्यांचा सकाळी घाटाच्या पायरीवर उघड्या अंगाने सूर्याला अर्घ्य देतानाचा फोटो घेतला आणि बँकेतून आलो की रोज त्यांना रंगवत बसलो. छातीवरचे पांढरे केससुद्धा सोडले नाहीत.

साठीशांत झाली, ब्राह्मण जेवून उठले आणि मी चित्रावरची चादर ओढली. आधी वाहवा झाली. मग कुणी म्हणालं, चेहऱ्यात काहीतरी गडबड आहे. कुणाला ते सासऱ्यांचे नागपूरचे भाऊ वाटले. मी छायाप्रकाशावर बोलायला लागलो, तेवढ्यात एक वयोवृद्ध गुरुजी पुढे झुकले.

“तर्पण कुणाचं चाललंय हे?”

जानवं उजव्या खांद्यावर होतं. पितरांचं करताना घेतात तसं, अपसव्य. साठीच्या मंगल दिवशी, भर वैदिकांच्या सभेत, मी सासऱ्यांना श्राद्धाला बसवलं होतं. कलाकाराला थोडं स्वातंत्र्य असतं, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते कुणीही ऐकून घेतलं नाही, हे माझं नशीब.

“अहो, स्लाइड उलटी घातलीत,” बायको हळूच म्हणाली. डावं ते उजवं, उजवं ते डावं झालं होतं. गालावरचा तीळही पलीकडे गेला होता. मी मनातल्या मनात जिन्याखालची जागा मोजू लागलो.

सासरे चष्मा लावून चित्रासमोर येऊन उभे राहिले.

“जावईबापू, जानवं तेवढं डावीकडे घ्या,” ते म्हणाले. “चेहऱ्याला हात लावू नका. फोटोत मी नेहमी कुणी परकाच दिसतो. हा मी आहे.”

कुणालाच काही कळेना. मग बायकोने उलगडा केला: बाबा स्वतःला बघतात ते आरशात, आणि आरशात सगळं असंच उलटं असतं.

“म्हणजे इतकी वर्षं आम्हीच दुसऱ्या कुणाला बघतोय होय?” सासूबाई म्हणाल्या. एवढा वेळ दाबून धरलेलं हसू मग सगळ्यांनी मोकळं सोडलं. गुरुजींनाही ठसका लागला.

जानवं मी तिथेच, उभ्या उभ्या खांदेपालट करून दिलं. खोली मला मिळाली, कारण वडिलांचा शब्द बायको मोडणार नव्हती. मात्र तिने प्रोजेक्टरचा ताबा घेतला. आजही स्लाइड तीच घालते, सुलटी आहे का ते उजेडात धरून बघते, आणि मगच मला गिरवायला बोलावते.